मागच्या बाकाची ओळ

चर्चला आग लागली त्या दुपारी मास्तरांच्या खुर्चीत बेकरीवाला बसला होता. छातीपर्यंत वाढलेली दाढी काढून टाकायला तो आला होता. एक गाल गुळगुळीत झाला होता, दुसरा व्हायचा होता, आणि मास्तर हातात वस्तरा धरून त्याला सांगत होते की खालच्या सुरात गाणाऱ्याने थंड पाणी पिऊ नये. तेवढ्यात रस्त्यावरून कोणीतरी ओरडत पळालं आणि दोघंही होते तसेच बाहेर धावले.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. कोपऱ्यावर त्यांचं सलून होतं. आठवडाभर ते लोकांची डोकी भादरत आणि रविवारी त्याच डोक्यांना चर्चमध्ये ओळीने उभं करून गायला लावत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. कात्री आणि सूर या दोन्हींवर आपला हात सारखाच बसलाय, असं ते स्वतः सांगत. दुसऱ्या कोणी तसं म्हटल्याचं मात्र ऐकिवात नाही.

छतातली एखादी वायर तापली असावी, असं नंतर बंबवाल्यांनी सांगितलं. आत कोणी नव्हतं, एवढंच दैव. जुनं लाकूड ते, बघता बघता गेलं. संध्याकाळपर्यंत चार काळ्या भिंती उरल्या, त्यातही मागची अर्धीच. सगळा रस्ता समोर उभा होता, पण कोणी मोठ्याने रडलं नाही. बेकरीवाल्याच्या गळ्यात सलूनचं कापड तसंच होतं आणि दाढीवरचा फेस वाळून कडक झाला होता. तो पुसायला त्याला कोणी सांगितलं नाही. मास्तरांना वाटलं, घरातलं वडीलधारं माणूस गेलं, आणि आता आपल्याला कोणी रागावणारं उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर त्याला म्हणाले, "ये, राहिलेला गाल करून टाकतो."

"राहू दे," बेकरीवाला म्हणाला. "आपलं गाणं परत नीट झालं की मग काढू."

"अरे, लोक विचारतील कोणाकडे दाढी करतोस म्हणून. माझ्या धंद्याचा विचार कर."

पण तो बधला नाही. अर्धी दाढी घेऊन तो पाव भाजत राहिला आणि गिऱ्हाइकं त्याच्या ज्या बाजूला उभी राहत त्याप्रमाणे त्याला ओळखत किंवा दचकत.

तसं पाहिलं तर चर्च काही देखणं नव्हतं. बसकं, जाडजूड, आणि मधोमध एक खांब असा की त्याच्यामागे बसलेल्याला फादर दिसायचे तर मान डावीकडे कलती करावी लागे. पण त्या चर्चमध्ये एक गुण होता. ते उत्तर द्यायचं. गायलेली ओळ उंच छताखालून मागच्या दगडी भिंतीपर्यंत जायची आणि जरा वेळाने परत यायची, अधिक गोल, अधिक मऊ होऊन. शिवाय परत येताना ओळीच्या शेवटी एक छोटंसं वळण घेऊन यायची, वरच्या सुराला जाऊन अलगद खाली उतरणारं. ते वळण पुढे कोणीच गात नसे. "ते आमच्या चर्चचं आहे," असं लोक पाहुण्यांना अभिमानाने सांगत.

मास्तरांच्या आधी जे जुने मास्तर होते त्यांनी रीत घालून दिली होती: एक ओळ आपली, एक चर्चची. समोरच्याचं बोलून होऊ द्यावं, मग आपण बोलावं. म्हणून इथली गायकमंडळी प्रत्येक ओळीनंतर थांबत. मास्तरांचा हात हवेत थांबायचा, ओळ जाऊन परत यायची, आणि मगच पुढची सुरू व्हायची. टेकडीवरच्या मोठ्या चर्चचे लोक चेष्टा करत की ही माणसं गाणं म्हणतात की पत्र टाकून उत्तराची वाट बघतात. करेनात का. एकदा येऊन ऐकलं की तेही गप्प होऊन जात.

या सुखात एकच खडा होता आणि तो मास्तरांच्या घरातलाच होता. सासूबाई. त्यांना ऐकू जरा कमी यायचं, तरी बसायच्या मात्र अगदी शेवटच्या बाकावर, दाराजवळ, आणि पुढच्यांची ओळ संपत आली की यांची सुरू. त्यांच्या नादाने त्यांच्या शेजारच्या मैत्रिणीही बिघडल्या होत्या. मास्तरांनी विनवून पाहिलं, पहिल्या बाकावर उशी ठेवून पाहिली. पालथ्या घड्यावर पाणी.

"आई, तुम्ही मागे पडता," ते म्हणत.

"मागेच तर बसते मी, जावईबापू," त्या म्हणत.

मास्तरांची बायको सांगायची, "अहो, आईला सोडा. आख्ख्या चर्चमध्ये तुम्हाला तेवढी एकच दिसते का?" खरं म्हणजे मास्तरांना तेवढी एकच दिसायची.

आगीनंतर जागेचा प्रश्न गॅरेजवाल्याने सोडवला. त्याची शेड मोठी होती, बस दुरुस्त करायची. रविवारी गाड्या बाहेर काढतो, तुम्ही आत या, असं तो म्हणाला आणि शनिवारी स्वतः बादलीभर साबणाने जमीन घासली. तेलाचा वास काही गेला नाही. ज्याच्या घरी जे होतं ते लोकांनी बसायला आणलं, बेकरीतली स्टुलं, सलूनमधली बाकडी, कोणाची बागेतली खुर्ची. गाडीखाली शिरायचा मधला खड्डा फळ्यांनी झाकला आणि तीच मधली वाट झाली.

मग गंमत झाली. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं, तरी प्रत्येकजण आपापल्या जुन्या जागी जाऊन बसला. वायरमनची बायको इतकी वर्षं खांबामागे बसायची, ती इथेही तिथेच बसली आणि फादर दिसावेत म्हणून मान डावीकडे कलती केली. समोर खांब नव्हता, काहीच नव्हतं. नवरा म्हणाला, "सरळ बस की, काय अडलंय?" तेव्हा ती दचकली आणि आजूबाजूचे हसले. मास्तरांनाही बरं वाटलं. निभेल आपलं, असं वाटलं.

त्यांनी हात उचलला. गायकमंडळींनी पहिली ओळ गायली आणि सवयीने सगळे थांबले.

काहीच परत आलं नाही. वर पत्रा उन्हाने तडकत होता, तेवढाच आवाज. मास्तरांचा हात हवेत राहिला. तेव्हा लोकांना कळलं की चर्च जळलं. आग सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, पण कळलं ते आत्ता. वायरमनच्या बायकोने पदर तोंडाला लावला. बेकरीवाला अर्ध्या दाढीत लहान मुलासारखा रडू लागला आणि त्याला बघून गॅरेजवाला, जो कधी रविवारीसुद्धा चर्चला यायचा नाही, तोही. दुसरी ओळ कोणालाच म्हणता आली नाही. मागच्या रांगेत सासूबाईंची खुर्ची रिकामीच होती. धूर छातीत बसून खोकला झाल्यामुळे त्या घरी होत्या, आणि त्यांच्याशिवाय त्यांच्या मैत्रिणी तोंड उघडत नसत.

प्रार्थनेनंतर फादर म्हणाले, "टेकडीवरच्या चर्चने आपल्याला बोलावलंय. बससुद्धा पाठवतील. पुढच्या रविवारी इथे एकदा जमू आणि मग ठरवू. पण दर रविवारी हे असं तुम्हाला रडवणं मला बरं वाटत नाही."

फादर सज्जन होते, त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण टेकडीवर गर्दी केवढी. तिथे आपली माणसं म्हणजे चहात साखर टाकावी तशी विरघळून जाणार, हे मास्तरांना दिसत होतं. आणि एकदा बसमध्ये बसून गेलेला माणूस इथे वीट रचायला परत येत नाही. चर्च परत उभं राहायचं असेल तर लोक इथे राहिले पाहिजेत, आणि लोक राहायचे असतील तर पुढच्या रविवारी गाणं शेवटपर्यंत गेलं पाहिजे. मास्तरांच्या डोक्यात एवढं एकच होतं.

उपाय त्यांना सोपा वाटला. थांबायचंच नाही. उत्तर येणार नसेल तर वाट कशाला बघा? त्यांनी सलून लवकर बंद करून तिथेच तालीम लावली. दोन खुर्च्या, तीन आरसे आणि मधे कोंबलेली गायकमंडळी. प्रत्येकाला जन्मात पहिल्यांदा आपलं गातानाचं तोंड दिसलं आणि निम्मे तिथेच गार झाले.

त्याहून वाईट म्हणजे आवाज ऐकू आले. इतकी वर्षं आपण बरं गातो असा सगळ्यांचा समज होता. बरं गात होतं ते चर्च. इथे, पावडर आणि साबणाच्या वासात, वायरमनचा आवाज तुटक्या बिजागरीसारखा निघाला.

"इंजिन गार असलं की असंच होतं," दारात उभा राहून गॅरेजवाला समजूत घालत होता.

मास्तरांची बायको वरच्या सुरात गायची आणि खरं बोलायची. ती म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतात. आपलं अंगणच जळून गेलं, आता कोणाला वाकडं म्हणायचं?"

यावर सगळे हसले, अगदी पोट धरून. पण थांबायचं नाही म्हटल्यावर गोंधळ वाढतच गेला. ओळ संपली की निम्मे पुढे जायचे, निम्मे थांबायचे, मग थांबलेले घाईने निघायचे आणि गेलेले त्यांच्यासाठी थांबायचे. बेकरीवाला दर वेळी थांबायचाच. "मी नाही थांबत," तो म्हणाला, "पाय आपोआप ब्रेकवर जातो." रोज तालीम झाली, रोज हसून हसून डोळ्यांत पाणी आलं, आणि गाणं होतं तिथेच राहिलं.

शनिवारी संध्याकाळी मास्तर हात टेकून घरी आले. सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. खोकला गेला होता, उद्या येते म्हणत होत्या. मास्तरांच्या मनात आलं, आधीच हा गोंधळ, त्यात मागून यांची शेपटी.

"आई, उद्या पुढे बसा. माझ्या हाताकडे बघून म्हणा."

"पुढे बसले तर मागे कोण बसणार?"

"मग निदान उद्याच्या दिवस गाऊ नका," मास्तर म्हणाले. शब्द तोंडातून गेले आणि मागाहून त्यांना ते ऐकू आले.

सासूबाईंनी हातातल्या टॉवेलची घडी पूर्ण केली, ती तळहाताने दाबून सपाट केली. "बरं," म्हणाल्या.

स्वयंपाकघरातून बायकोने एकदा मास्तरांकडे पाहिलं. मग तिने आधी आईचं ताट वाढलं. मास्तरांना जेवण गेलं नाही. ते स्वतःला समजावत राहिले की एका दिवसाचा तर प्रश्न आहे.

रविवारी शेड भरली. टेकडीवरच्या चर्चचा एक माणूसही बसचं ठरवायला आला होता आणि शटरपाशी उभा होता. सासूबाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या, मैत्रिणींच्या मधे, हातरुमाल तोंडावर धरून. वायरमनची बायको डावीकडे कलून बसली होती. या वेळी तिला कोणी काही म्हटलं नाही.

मास्तरांनी हात उचलला. पहिली ओळ निघाली. न थांबता पुढे जायचं, हात खाली आणायचा, हे त्यांनी आठवडाभर घोकलं होतं. ओळ संपली आणि हात थांबला. दुसऱ्या कोणाचा नाही, त्यांचाच. बेकरीवाला त्यांच्याकडे बघत राहिला आणि सगळी गायकमंडळी थांबली.

पुन्हा तीच शांतता. पुढच्या रांगेत कोणीतरी नाक ओढलं. झालं, मास्तरांच्या मनात आलं, आपल्याच हाताने गेलं.

तेवढ्यात मागून काहीतरी आलं.

शब्द नव्हते. मिटल्या ओठांआडून आलेली गुणगुण होती, रुमालात दबलेली. तीच ओळ, उशिरा, सावकाश, आणि शेवटाला वरच्या सुराला जाऊन अलगद खाली उतरलेली.

ते वळण मास्तरांनी लहानपणापासून ऐकलं होतं. जुन्या मास्तरांनी डोळे मिटून ते ऐकवलं होतं, त्यांनी स्वतः पाहुण्यांना ऐकवलं होतं, चर्चचं म्हणून. पण भिंत कधी पदरचं घालते का? भिंतीला जेवढं द्याल तेवढंच ती परत देणार. वळण घालणारं माणूस दर रविवारी शेवटच्या बाकावर बसत होतं, आणि काल त्याच माणसाला आपण सांगितलं की गाऊ नका. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

सासूबाईंनी मात्र शब्द पाळला होता. त्या गात नव्हत्या. गुणगुण निसटलेली त्यांना स्वतःलाही कळली नव्हती, ऐकू कमी यायचं ना. सगळे वळून आपल्याकडे का बघताहेत म्हणून त्या रुमाल आणखी घट्ट धरून बसल्या.

मास्तरांनी मग एक गोष्ट केली जी आजवर कधी केली नव्हती. गायकमंडळींकडे पाठ केली, तोंड लोकांकडे केलं, आणि दोन्ही हात उचलून शेवटच्या रांगेला खूण केली. या, आता तुम्ही.

सासूबाईंनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी?

मास्तरांनी मान हलवली. त्यांना धूसर दिसत होतं, पण मान नीट हलवली.

सासूबाईंनी रुमाल मांडीवर ठेवला, घडी घालून, आणि गायल्या. आवाज जुना, थोडा घोगरा, पण ओळ सगळी होती, वळणासकट. दुसरीच्या वेळी त्यांच्या मैत्रिणी त्यांना मिळाल्या. तिसरीच्या वेळी मागच्या सगळ्या रांगा. पुढचे गायचे आणि थांबायचे, मागचे घ्यायचे आणि परत द्यायचे. आता थांबणं कोणाला जड जात नव्हतं, उलट लोक त्या थांबण्याची वाट बघत होते. वायरमनची बायको डावीकडे कललेलीच गात होती. गॅरेजवाल्याला शब्द येत नव्हते, तो नुसतं वळण म्हणत होता आणि ते फारच वर नेत होता. बेकरीवाला पुन्हा रडला, पण या वेळी गाता गाता, आणि सूर एकदाही सोडला नाही. पत्रा तडकत होता तोसुद्धा ठेक्यात तडकतोय असं वाटलं.

गाणं शेवटपर्यंत गेलं. शेवटची ओळ मागून परत आली, वळण घेऊन खाली उतरली, आणि मगच मास्तरांचे हात खाली आले.

फादर बसचं ठरवायला आलेल्या माणसाकडे वळून म्हणाले, "टेकडीवर सगळ्यांना आमचे आभार सांगा. बस नको." आणि गॅरेजवाल्याला विचारलं, "पुढच्या रविवारी गाड्या जरा लवकर बाहेर काढता येतील का?"

"शनिवारीच काढतो," गॅरेजवाला म्हणाला.

लोक निघायला तयार नव्हते. जिकडेतिकडे घोळके, हसणं, आणि कोण किती बेसूर गायलं याचा हिशेब. वायरमन म्हणत होता की नवं चर्च बांधताना तारा मी ओढणार, दुसऱ्याला हात लावू देणार नाही. त्याची बायको म्हणत होती की बांधा, पण खांब तेवढा पाहिजे, नाहीतर मला चुकल्यासारखं होईल. बेकरीवाला मास्तरांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "सलून उघडा. एक गाल राहिलाय."

"आलो," मास्तर म्हणाले. "एक काम आहे आधी."

ते मागे गेले. सासूबाई पिशवी आवरत होत्या.

"आई, काल मी जे बोललो..."

"काल होय?" त्या म्हणाल्या. "काल तुम्ही काय बोललात ते मला नीट ऐकूच आलं नाही, जावईबापू."

मास्तर हसायला गेले आणि हसू काही धड आलं नाही. बायको शेजारी येऊन उभी राहिली होती. तिने त्यांच्या खांद्यावरचा एक केस उचलून टाकला, तेवढंच. मग मास्तरांनी सासूबाईंना उठवलं, त्यांची खुर्ची उचलली आणि चालू लागले. सासूबाईंना वाटलं, नेली पुढे, पहिल्या रांगेत. पण मास्तर उलट्या दिशेने गेले. मागे, आणखी मागे, अगदी शटरला टेकेपर्यंत, आणि तिथे त्यांनी खुर्ची ठेवली, हलवून पाहिली, डुगडुगत नाही याची खात्री केली.

"पुढच्या रविवारी इथे बसा," ते म्हणाले.

सासूबाईंनी खुर्चीकडे पाहिलं, मग एवढ्या लांबवरच्या पहिल्या रांगेकडे. "इथून मला आणखी उशीर होईल हो."

"होऊ दे, आई," मास्तर म्हणाले. "आम्ही थांबतो."